तोंडाने, सावकाश, न थांबता

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणच्या धक्क्यावर उभं राहायला जागा उरत नाही. एका बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्या, आणि दुसऱ्या बाजूला हवेच्या टाक्या रचलेल्या, काळे वेटसूट वाळत टाकलेल्या होड्या. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून आलेली कुटुंबं ‘स्कूबा’ची चौकशी करत असतात. आजोबा चपला-पिशव्या सांभाळत बसतात. आई आधी ‘मी नाही बाई’ म्हणते आणि तासाभराने तीच वेटसूट चढवून तयार असते. यांतल्या अनेकांना पोहता येत नाही. समुद्रात घोट्याच्या वर पाणी येऊ न दिलेली माणसंही त्यांत असतात.

अशा माणसाला पाण्याखाली नेऊन, तिथलं जग दाखवून सुखरूप वर आणता येतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ती जमते एका यंत्रामुळे, आणि ते यंत्र आपल्या अंगवळणी पाडणाऱ्या माणसामुळे. यंत्राचं कौतुक बरंच होतं, माशांचे फोटो तर घरोघरी पोचतात. प्रशिक्षकाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. पहिल्या डाइव्हमधला सर्वांत मोलाचा वेळ बुडी मारण्याआधीचा असतो. होडीच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, प्रशिक्षकासमोर घालवलेला. गर्दीच्या दिवसांत पहिली कात्री लागते ती नेमकी त्याच वेळेला. ती लागू देऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी यंत्राकडे पाहू. पाठीवरच्या टाकीला सगळे ‘ऑक्सिजनचं सिलिंडर’ म्हणतात. तिच्यात निव्वळ ऑक्सिजन नसतो. आपण या क्षणी घेत आहोत तीच हवा, गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन घेऊन साधारण ६ मीटरच्या खाली गेलं तर तो दाबामुळे विषारी ठरू शकतो, माणसाला फेफरं येऊ शकतं. म्हणून साधी हवा, पाचातला एक भाग ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे ११ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. तेवढ्या जागेत वातावरणाच्या २०० पट दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा बसवलेली असते.

एवढ्या दाबाची हवा थेट तोंडात घेता येणार नाही. टाकीच्या तोंडावर पहिला रेग्युलेटर असतो. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या रेग्युलेटरसारखाच तो दाब एकदम खाली आणतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला, आपण दातांत धरतो तो दुसरा. त्याची खुबी अशी की आपण श्वास ओढला तरच तो हवा देतो, आणि ती बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची देतो. हा मुद्दा कळला की स्कूबाचं निम्मं शास्त्र कळलं. लांब नळीचं एक टोक पाण्याबाहेर ठेवून मीटरभर खोलीवरून श्वास घेऊ म्हटलं तर जमत नाही. छातीवरच्या पाण्याच्या रेट्यापुढे बरगड्यांमधले स्नायू हरतात. रेग्युलेटर तोच रेटा आतून तोलून धरतो, म्हणून १० मीटरवरही श्वास जमिनीवरच्यासारखाच सहज येतो.

ही झडप पाण्यासाठी जन्मलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, मोटारी गॅसवर चालवायची वेळ आली, तेव्हा इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप एमिल गान्यां या अभियंत्याने तयार केली होती. नौदल अधिकारी जॅक कूस्तो पाण्याखाली मोकळेपणाने फिरता येईल अशा साधनाच्या शोधात होता. दोघांनी १९४३मध्ये ती झडप माणसाच्या फुप्फुसांना जोडली. त्याआधीचा पाणबुड्या म्हणजे पितळी शिरस्त्राण, शिशाचे बूट आणि वरच्या बोटीतून हवा पुरवणारी नळी. ती नळी सुटली आणि पाण्याखाली जाणं हे सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

यंत्र तयार आहे, शरीर मात्र तयार नसतं. चेहरा पाण्यात बुडाला की श्वास रोखायचा, ही खूणगाठ शरीराने फार पूर्वीच बांधली आहे. बादलीत तोंड घालणारं लहान मूलही तेच करतं. स्कूबा शिकताना याच्या बरोबर उलटं करायचं असतं. चेहरा पाण्यात आहे, नाक मास्कमध्ये बंद आहे, आणि तरी श्वास चालू ठेवायचा आहे. हे डोक्याला लगेच पटतं, छातीला पटायला वेळ लागतो. तो वेळ देणं हेच प्रशिक्षकाचं पहिलं काम.

मला शिकवणारा मुलगा देवबागचा, गाबीत मच्छीमार घरातला. वडील रापणीचं जाळं ओढायला जाणारे. किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात त्याने मला गुडघ्यांवर बसवलं, रेग्युलेटर तोंडात दिला आणि सांगितलं, “ताई, नाकाचा काम आज बंद. तोंडान घेवा, तोंडान सोडा, आणि थांबवचा मात्र नाय.” मग चेहरा पाण्याखाली. पहिले काही श्वास छोटे, वरवरचे, घाईचे होते. कानांत फक्त बुडबुड्यांचा आणि छातीच्या भात्याचा आवाज. मान वर काढावीशी वाटत होती. त्याने माझ्या डोळ्यांसमोर हात धरला आणि तळहात सावकाश वर-खाली करत राहिला: वर येताना श्वास आत, खाली जाताना बाहेर, आणि खाली जायला जास्त वेळ. माझी छाती हळूहळू त्या हाताच्या चालीवर आली. तेव्हा जे घडलं ते मला आजही नीट आठवतं. भीती हटली असं नव्हतं, पण ती असतानाही काही करता येईल एवढी जागा झाली.

त्या लांब उच्छ्वासामागे शरीरशास्त्र आहे. घाबरलेला माणूस भराभर, उथळ श्वास घेतो. त्यात हवा श्वासनलिकेतच मागे-पुढे होते आणि आतला कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाही. तो साठला की मेंदूला वाटतं, हवा कमी पडतेय, आणि माणूस आणखी भराभर श्वास घेऊ लागतो. टाकी भरलेली असतानाही गुदमरल्यासारखं वाटतं ते यामुळे. त्यावर उपाय श्वास जोरात ओढण्याचा नसून पूर्ण सोडण्याचा असतो. आधी सोडा, मग आत आपोआप येतो.

आणि ‘थांबवचा मात्र नाय’ हा तर स्कूबाचा पहिला नियम. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. रॉबर्ट बॉइलचा नियम आपण शाळेत घोकलेला असतो: दाब दुप्पट, तर आकारमान निम्मं. पाण्याखाली तो आपल्या फुप्फुसांना लागू होतो. १० मीटरवर भरलेली छाती तशीच कोंडून माणूस वर आला, तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसांना तेवढं ताणता येत नाही. दीड मीटर वर येतानासुद्धा, छाती पूर्ण भरून श्वास कोंडला असेल तर, फुप्फुसाच्या नाजूक पडद्याला इजा होऊ शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. सगळ्यांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, म्हणून ‘उथळ आहे, काही होत नाही’ हा दिलासा अर्धाच खरा. श्वास चालू असला की जादा हवा वाटेवरच बाहेर पडते आणि धोका उरत नाही. इतका साधा नियम, पण घाबरलेल्या क्षणी तोच आधी मोडतो. म्हणून तो वाचून भागत नाही, पाण्यात बसून गिरवावा लागतो.

उथळ पाण्यात आणखी दोन गोष्टी करून घेतात, किंवा करून घ्यायला हव्यात. पहिली, रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालणं. काढलेला असतानाही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. परत घातला की एक जोराचा फुत्कार टाकून, किंवा पुढचं बटण दाबून, आतलं पाणी बाहेर घालवायचं आणि मग पहिला श्वास जपून घ्यायचा. दुसरी गोष्ट मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढण्याची, आणि नवख्या माणसाला हीच जास्त छळते. खारं पाणी डोळ्यांना आणि नाकाला लागलं की श्वासच अडतो. युक्ती अशी की मान किंचित वर करायची, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने हवा सोडायची. हवा वर चढते, पाणी खालच्या कडेने निघून जातं. माझ्या प्रशिक्षकाने हे एकदा करून दाखवलं आणि मग माझ्याकडून अनेकदा करवून घेतलं. शेजारच्या होड्या भराभर माणसं उतरवून परत निघाल्या होत्या. मी तिकडे पाहते आहे हे लक्षात आल्यावर तो म्हणाला, “माशांका घाई नाय, मगे तुमका कित्याक?”

खुणा लागलीच शिकवतात. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातच बोलतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. पंजा आडवा धरून हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’, आणि लगेच दुखतं आहे तिकडे बोट. उभ्या अंगठ्याबद्दल विशेष सावध राहावं लागतं. जमिनीवर तो ‘छान’ सांगतो, पाण्यात ‘वर चला’. मजेत असलेला माणूस उत्साहाने अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला घेऊन वर निघतो, असं पुष्कळदा घडतं.

कानांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पहिली डाइव्ह अर्ध्यावर सोडावी लागते ती बहुतेक वेळा कानांमुळे. घाट उतरताना एसटीत कानाला दडे बसतात, तोच प्रकार इथे, फक्त पाण्यात तो फार झपाट्याने होतो. दीड-दोन मीटरवरच कानाचा पडदा आत ओढला जाऊ लागतो. मधल्या कानातून घशाच्या मागे एक बारीक नळी जाते. ती उघडून आत हवा पोचवली की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. त्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून हवा ढकलायची. सतराव्या-अठराव्या शतकांत होऊन गेलेल्या अंतोनिओ वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ही कृती ओळखली जाते. मास्कला नाकाची वेगळी पोकळी असते ती यासाठीच. पोहण्याच्या चष्म्यात नाक बाहेर राहतं, आतल्या हवेचा दाब सारखा करता येत नाही, म्हणून तो घालून खोल जाता येत नाही.

कान मोकळे करायचे ते दुखायला लागण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर ती नळी सुजलेली असते आणि कितीही फुंकलं तरी उघडत नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर राहावं. सर्दीचं औषध घेऊन उतरणारे लोक मी पाहिले आहेत. औषधाचा अंमल खाली असतानाच ओसरला तर वर येताना आतली हवा कोंडते आणि तीही कान दुखावते. दोन दिवस आधी नाक चोंदलं तर सहलीचे पैसे वाया जातील, ही चुटपुट समजू शकते. कान मात्र दुसरा मिळत नाही.

एवढं झालं की होडी किल्ल्याच्या बाजूच्या खडकांकडे निघते. मालवणला पर्यटकांना नेतात ती खोली साधारण ५ ते ८ मीटरची, आणि बहुतेक ठिकाणी एका माणसामागे एक प्रशिक्षक, टाकी धरून. ही पद्धत मला मनापासून आवडते. ‘पाडी’ ही १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेली संस्था जगभर डाइव्हिंगची प्रमाणपत्रं देते. तिच्या नियमांनुसार प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेता येतं, आणि वय किमान १० वर्षांचं लागतं. पहिल्या वेळेला त्याच्या निम्म्या खोलीतही पाहण्यासारखं भरपूर असतं.

खाली गेल्यावर इंद्रियं नव्याने वापरावी लागतात. मास्कमधल्या हवेमुळे प्रकाश वाकतो आणि प्रत्येक वस्तू खरी असते त्याहून सुमारे एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. मासा धरायला हात पुढे करावा तर तो तिथे नसतोच. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो. पाच-सात मीटरवर लाल वेटसूट विटकरी-करडा दिसू लागतो, आणि वर आल्यावर फोटो सगळे हिरवट-निळे निघतात. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, धावतो. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी येऊन आदळतो, त्यामुळे दिशा कळत नाही. दूरच्या होडीचं इंजिन डोक्यावरच आहे असं वाटतं. कोमट समुद्रातही थोड्या वेळाने अंग गारठतं, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता ओढून घेतं. वेटसूट हा नुसता पोशाखाचा भाग नाही, गरज आहे.

मात्र सर्वांत मोठा बदल वजनाचा. कमरेला शिशाचे तुकडे, अंगात हवेचं जॅकेट, आणि दोन्हींचा मेळ जमला की माणूस तळालाही टेकत नाही, वरही उचलला जात नाही. छाती भरली की वीतभर वर, रिकामी केली की वीतभर खाली. ज्या श्वासासाठी मघाशी इतकी मेहनत घेतली, तोच आता सुकाणू होतो. ज्या नवख्याला वर धीर मिळाला आहे त्यालाच हे अनुभवता येतं. ज्याला घाईने खाली आणलं आहे तो दोरी नाहीतर खडक घट्ट धरून बसतो आणि वर कधी नेतील याची वाट पाहतो.

शांत श्वासाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर दुपटीने, म्हणजे ४० लिटर लागते. २,२०० लिटरची टाकी त्याला पन्नासेक मिनिटं पुरेल. त्यातली पाव टाकी राखीव ठेवून वर यायचं असतं. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट हवा सहज संपवतो.

आता आजूबाजूला पाहायला हरकत नाही. मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त भाग १९८७मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्याचा गाभा. शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, त्याच्याच पाण्याखालच्या खडकांवर आज प्रवाळ वाढतो आहे. अंदमान-लक्षद्वीपसारखी रंगांची उधळण इथे नाही. पावसाळ्यात खाड्या आणि नद्या गाळ आणतात, पाणी वर्षातले बरेच महिने गढूळ असतं, आणि तरीही तग धरून राहिलेला हा प्रवाळ आहे. गोल, मातकट-हिरवी ढेकळं दिसतात तीच ती. त्यांतली काही वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. परातीएवढा गोळा माझ्या वयाचा असू शकतो, हे कळल्यावर मी पाय आपसूक वर उचलून धरले. खडक बांधणारे प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. तुकडा तोडून नेणं हा गुन्हा आहे.

कपारीत गोबरा मासा तोंड बाहेर काढून बसलेला असतो. काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळिंदर खडकांच्या फटींत. पोपटमासा खडकावर चोच घासत असतो, आणि कान दिला तर तो करकर आवाज खरोखर ऐकू येतो. खडकावरचं शेवाळ खाताना तो चुनखडीही कुरतडतो आणि तिची वाळू करून मागे टाकतो. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा तर तोंडाजवळच येतो. तो इतका जवळ येतो त्याचं कारण मात्र मला खटकतं. त्यांना पावाची सवय लावली आहे. फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून बाटलीतून पाव किंवा बिस्किटं सोडतात. पाव हे त्यांचं अन्न नाही. त्याच्या मागे लागलेले मासे खडकावरचं शेवाळ साफ करण्याचं आपलं काम सोडतात, आणि धीट, भांडखोर जाती लाजऱ्या जातींना हुसकावून लावतात. आपण प्रशिक्षकाला आधीच सांगू शकतो: पाव नको. मासे थोडे कमी दिसतील, पण ते स्वतःच्या उद्योगात असलेले दिसतील, आणि पाहायचे ते तसेच.

उतरण्याआधी एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. तो वाचून भरावा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, अनियंत्रित रक्तदाब यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदरपणी अजिबात नाही. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर सकाळी नाही. फॉर्म न देताच टाकी चढवणारा कुणी भेटला, तर तिथून उठून दुसरीकडे जावं.

परतीच्या प्रवासाचा विचार बहुतेकांच्या डोक्यात नसतो. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडायला हवा, नाहीतर बुडबुडे धरतो. स्कॉटलंडचे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून किती खोलीवरून किती सावकाश वर यावं याची कोष्टकं १९०८मध्ये प्रसिद्ध केली. आजची डाइव्हिंगची गणितं त्याच पायावर उभी आहेत. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन यांनीही दाबाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. पुढे १९५७मध्ये ते भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. मालवणच्या उथळ, छोट्या डाइव्हमध्ये नायट्रोजन फारच थोडा विरघळतो, तरीही एका डाइव्हनंतर विमानात, म्हणजे आणखी कमी दाबात, बसण्याआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, एकाहून जास्त झाल्या तर १८, असा प्रघात आहे. दुपारी मालवणजवळच्या तारकर्लीला डाइव्ह आणि संध्याकाळी गोव्यातल्या मोपाहून विमान, असा बेत करू नये. सुमारे ७०० मीटर उंचीच्या आंबोलीवरून घरी जायचं असेल तर तेही प्रशिक्षकाला आधी सांगावं.

हे प्रशिक्षक आले कुठून? सागरी अभयारण्याला इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला. आपलं पोट ज्या पाण्यावर चालतं तिथे सरकारी रेघ ओढली जाणार, ही त्यांची धास्ती होती आणि ती निराधार नव्हती. त्यात पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांशी सामना, रापणीत घटत चाललेली मासळी. याच घरांतल्या मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या किनारी प्रकल्पातून स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकारातून तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तिथे सरावासाठी खास खोल तलाव आहे. ज्यांचे आजे कालवं आणि शिनाणे काढायला दम धरून बुडी मारत, ते नातू आज परगावच्या माणसाला दम न धरता बुडी मारायला शिकवतात. वारा कुठून आहे, पाणी आज कसं आहे, किती वाजता ओढ फिरेल, हे त्यांना यंत्राशिवाय कळतं. माझ्या मते कोकणातली ही सर्वांत कमी लेखली गेलेली विद्या आहे.

सगळीकडे मात्र ती सारखी मिळत नाही. म्हणून धक्क्यावर भाव विचारण्याआधी दुसरे प्रश्न विचारावेत. माझ्याबरोबर पाण्यात येणाऱ्याकडे कुठलं प्रमाणपत्र आहे? एका वेळी तो किती जणांना नेणार? उथळ पाण्यात सराव किती वेळ? होडीत लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी आहे का, आणि प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का? खाली घाबरले तर काय कराल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे शांतपणे, लगेच तयार असतं, त्याच्याबरोबर जावं. व्हिडिओ फुकट मिळतो की नाही, हे नंतर. आणि शक्य असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीतला आठवड्याचा मधला दिवस गाठावा. पाणी तेव्हा जास्त नितळ असतं आणि प्रशिक्षकाकडे वेळ असतो. जूनपासून पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं.

पहिल्या डाइव्हनंतर काहींना एवढंच पुरे वाटतं, आणि काहींना पुढे जायचं असतं. मालवणच्या पुढे मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी आहे, अंदमानातलं स्वराज द्वीप आहे, लक्षद्वीप आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे डाइव्हिंगचं ठिकाण करण्याची योजना आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी उंचवटा आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल, वर प्रवाळ, आणि भोवती क्षितिजापर्यंत पाणी. तिथे जाण्यासाठी चांगला अनुभव लागतो.

त्या वाटेवरचा पहिला टप्पा ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम. पुस्तकी अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह, त्यानंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा. पहिल्या डाइव्हला पोहता आलं नाही तरी चालतं, इथे चालत नाही. न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, मग १० मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगत राहावं लागतं. वेगाला गुण नाहीत, शैलीलाही नाहीत. ज्यांना मालवणहून परत येताना पुन्हा खाली जायची ओढ लागली असेल, त्यांनी गावातल्या तरणतलावाची चौकशी उन्हाळ्याची वाट न पाहता करावी. तीन-चार महिने नियमित पोहलं तर हे २०० मीटर चाळिशी-पन्नाशीतही जमतात, आणि पुढचा हंगाम सुरू व्हायला तेवढा वेळ हाताशी असतो.